आईची अपुरी हौस

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या अमेरिकी मालिकेचा ‘विच’ हा तिसरा भाग १७ मार्च १९९७ रोजी प्रसारित झाला. वरवर पाहता ही चेटकाची करमणूक. चीअरलीडर निवडताना एका मुलीचे हात पेटतात, दुसरीची दृष्टी जाते, तिसरीचे तोंडच नाहीसे होते. आम्ही दचकलो, हसलोही. मग उलगडते, की हे एका आईचे काम आहे. कधीकाळी गाजलेली कॅथरीन मुलीच्या, एमीच्या, शरीरात शिरून गेलेले तारुण्य पुन्हा जगते आहे. मुलगी मात्र आईच्या देहात अडकली आहे. आपल्या अपुऱ्या इच्छा मुलांवर लादणारे पालक आपल्या ओळखीचेच. लेखिका डाना रेस्टन यांनी ते लादणे शब्दशः दाखवले. शेवटी कॅथरीन स्वतःच्याच करंडकात कोंडली जाते. बफीची आई जॉइस मात्र पुन्हा सोळा वर्षांची व्हायला नको म्हणते. मुलगी तिला उमगत नाही; पण मुलीचे वय ती मुलीकडेच राहू देते. एक गोष्ट खटकते. घर सोडून गेलेल्या बापाला कोणी जाब विचारत नाही. एमी अखेर त्याच्याकडेच राहायला जाते. शिक्षा तेवढी आईला.