वेस आहे, वेसकर नाही

गौरी-गणपतीच्या दिवसांत मध्यमवर्गीय घरांतून 'खेडेगावाचा देखावा' मांडण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. आमच्या घरी गौरी येत नाहीत. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी तो प्रश्न निकालात काढला. परंतु सहकारी प्राध्यापकांकडून प्रसादाचे बोलावणे येते, मी जातो आणि देखावा नीट पाहतो. तीही एक कलाकृतीच आहे, आणि कलाकृती म्हटली की समीक्षा आलीच.

पुठ्ठ्याची घरे (२०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल मागे पडले), भुश्श्याला रंग देऊन केलेली हिरवळ, आरशाच्या तुकड्याचे तळे, रहाटाची विहीर, पार, देऊळ. जात्यावर बाई, चाकावर कुंभार, भात्याजवळ लोहार. कारागिरी खरोखर चांगली असते. बोटभर बैलगाडीच्या चाकालाही आरे मोजून बसवलेले असतात.

प्रश्न आहे तो निवडीचा. बाहुल्यांच्या संचाला नाव 'बारा बलुतेदार'. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा'तील बलुतेदारांत महार-मांग आहेत. मी पाहिलेल्या एकाही देखाव्यात नाहीत. वेस मात्र हौसेने उभारलेली असते, दोन बुरूज आणि कमानीसकट. त्या वेशीत रात्र काढणारा वेसकर नाही. गावाची शीव दाखवणारा, मयताचा सांगावा घेऊन कोसच्या कोस पायी जाणारा नाही. बैल सगळे धष्टपुष्ट. या गावात जनावर मरतच नाही, मग ते ओढायला कोण लागणार? मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला कोणाला आणि का सांगितले, याचा पत्ता या हिरवळीवर लागत नाही. विहिरीवर बायका पाणी शेंदताहेत. कोणी वरून ओंजळीत पाणी घालील म्हणून दूर ताटकळत उभे असलेले कोणी नाही.

"अहो सर, हा हौसेचा खेळ, यात जात कशाला आणता?" असे मला विचारले गेले. मांडणारी मुले शहरात वाढलेली आहेत, त्यांच्या मनात कपट नाही, हे मी मान्य करतो. पण हे गाव त्यांनी पाहिलेले नाही. पाठ्यपुस्तकातील चित्रांतून आणि चित्रपटांतून ते तयार उचलले आहे. माझा आक्षेप त्या नमुन्याला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या याच गोडव्यावर प्रहार केला, तेव्हाही अनेक सभासद दुखावले होते.

आमच्यातील काही तरुण म्हणतात, मग महारवाडाही मांडू या. मला ते पटत नाही. इतक्या उंचावरून पाहिले की झोपडीसुद्धा गोंडस दिसते. आत पिवळा दिवा लावला की दारिद्र्याचीही आरास होते. येथे पाहणारा नेहमीच गावापेक्षा मोठा असतो. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) गाव असे वरून दिसत नाही. ते वेशीबाहेर उभे राहून, माणसाच्या उंचीवरून दिसते. बाहुल्यांच्या संचाचे आणि त्या पुस्तकाचे नाव एकाच शब्दावरून आले आहे. यंदा गणपतीच्या सुट्टीनंतर दोन्ही वस्तू वर्गातील टेबलावर शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना बोलते करण्याचा माझा विचार आहे.