कमान जपली, बाईचं नाव राहिलं

इंग्लंडमध्ये लिंकनला गेलात, तर स्टीप हिलचा चढ चढण्याआधी ‘ज्यूज हाउस’समोर थांबाच. बाराव्या शतकातलं दगडी घर, ग्रेड वन संरक्षित. दारावरच्या नक्षीदार कमानीचा फोटो सगळेच काढतात, पण तिचं काम बघा: वरच्या मजल्यावरच्या शेकोटीची चिमणी ती पेलते. राहणं वर, खाली बहुधा दुकानं, आपल्या पेठेतल्यासारखंच.

कमान जपली, उत्तम. मला खटकते ती पाटी. इथे बेलासेट नावाची ज्यू बाई राहायची, नाणी कातरल्याच्या आरोपावरून तिला फाशी दिलं, असं सांगतात. १२९० मध्ये राजाने सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर काढलं. तरी घर नुसतं ‘ज्यूचं’. उद्या तुमच्या घरावर ‘इंडियन्स हाउस’ एवढंच लिहिलं, तर चालेल?