काळ्या रेघेची वायर

कोणत्याही वस्तूबरोबर घडी घालून येणाऱ्या माहितीपत्रकाची समीक्षा करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पुस्तकांची होते, नाटकांची होते, पाठ्यपुस्तकांवर तर अधूनमधून वादळेच उठतात. पण शाळा सुटल्यावर विज्ञानाशी ज्यांचा संबंध तुटला, अशा बहुसंख्य लोकांच्या हाती पुढे पडणारे वैज्ञानिक वाङ्मय म्हणजे ही माहितीपत्रकेच. मिक्सरचे, इन्व्हर्टरचे, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे. त्यांची भाषा कशी आहे, त्यांत काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हे कोणी तरी तपासायला हवे.

आम्ही येथे निवडले आहे ते मोटारीत बसवायच्या ‘हँड्सफ्री’ संचाचे पत्रक. नव्या मोटारींत ही सोय कारखान्यातूनच येते. परंतु जुन्या मोटारी रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यांत असे संच बाहेरून बसवले जातात. नव्वदच्या दशकात तर अनेक मोटारी रेडिओशिवायच मिळत, त्यामुळे स्टिरिओ बाहेरून बसवून घेणे हा पुण्यात एक जुना रिवाज आहे. नाना पेठेत मोटारीचे सामान घ्यावे, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायर, फ्यूज आणि पिना घ्याव्यात आणि ओळखीच्या वायरमनकडे गाडी न्यावी. वेगवेगळ्या बनावटीच्या चार संचांची पत्रके आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली. बनावटींची नावे देत नाही, कारण उणिवा चारही पत्रकांत सारख्याच आहेत.

संचात असते काय? एक लहान डबी, एक माइक आणि वायरींचा जुडगा. फोन आला की डबी स्टिरिओला गप्प करते आणि बोलणाऱ्याचा आवाज गाडीच्याच स्पीकरमधून सोडते. यासाठी स्टिरिओ आणि स्पीकर यांच्या मधोमध हा जुडगा घुसवायचा असतो. पत्रकात चित्र असते आणि चित्रात रंग असतात: पिवळी वायर बॅटरीला, लाल वायर किल्लीच्या पुरवठ्याला, काळी वायर गाडीच्या बॉडीला. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच असेल तर हे चित्र पुरते. पण ज्या गृहस्थाने हौसेने सीटखाली किंवा डिकीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवून घेतला आहे, त्याच्या गाडीत स्टिरिओच्या मागे स्पीकरच्या वायरी वापरातच नसतात. तेथून निघते ती एक बारीक, जाळीदार वेष्टणाची वायर. ती डिकीतल्या ॲम्प्लिफायरला जाते आणि स्पीकर तिकडून चालतात. आता संच घुसवला तर फोन येतो, गाणे इमानाने थांबते आणि गाडीत शांतता पसरते. पत्रकाचा सल्ला: ‘आवाज न आल्यास जोडणी तपासावी.’ जोडणी निर्दोषच असते. चित्रातला परिपथ या गाडीत नाही, एवढेच काय ते.

मग वायरमन डोके चालवतो. संचाच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन वायरी घेतो आणि त्यांतला आवाज ॲम्प्लिफायरच्या प्रवेशाला पोचवायचा बेत करतो. या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात, पण त्यांतल्या एकीवर काळी रेघ असते. काळी म्हणजे बॉडी, हे पत्रकानेच वर शिकवलेले आहे. तेव्हा काळ्या रेघेची वायर तो बॉडीला टेकवतो. कधी तो स्वतः टेकवत नाही. बाजारात मिळणारी स्वस्त परिवर्तक डबी आतल्या आत तेच करते.

येथे ॲम्प्लिफायर बंद पडतो, कधी संच तापतो, कधी स्पीकर जळतो. नेमका हाच मुद्दा आम्हाला शिक्षकांपुढे ठेवायचा आहे, कारण वायरमनची चूक ही आपल्या वर्गात तयार झालेली चूक आहे.

शाळेतला परिपथ म्हणजे एक घट, एक कळ, एक दिवा. दिव्याचे एक टोक धनाकडे, दुसरे ऋणाकडे. विद्यार्थ्याच्या मनात ‘ऋण’ आणि ‘बॉडी’ हे शब्द एकमेकांना चिकटतात ते कायमचे, कारण त्यांना वेगळे करणारे उदाहरण पुढे येतच नाही. मोटारीतला स्पीकर हे ते उदाहरण.

इंजिन चालू असताना मोटारीच्या विद्युतजालात सुमारे १४.४ व्होल्ट असतात. स्पीकरचे एक टोक शून्यावर बांधून ठेवले, तर ॲम्प्लिफायर दुसऱ्या टोकाला मधल्या पातळीपासून फार तर ७.२ व्होल्ट वर आणि ७.२ व्होल्ट खाली हलवू शकतो. ज्यावक्रीय लहरीसाठी याचे परिणामी मूल्य ५.१ व्होल्ट, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये साडेसहा वॅट. एवढ्यात हौस भागत नाही. म्हणून अभियंत्यांनी दोन ॲम्प्लिफायर घेतले आणि स्पीकर त्यांच्या मध्ये टांगला. एक टोक वर जाते तेव्हा दुसरे खाली येते, सी-सॉच्या फळीसारखे. आता स्पीकरवरचे कमाल विभवांतर १४.४ व्होल्ट, परिणामी मूल्य १०.२ व्होल्ट आणि शक्ती २६ वॅट. विभवांतर दुप्पट, शक्ती चौपट. प्रत्यक्षात थोडी घट होऊन २० वॅटच्या आसपास मिळतात. (स्टिरिओच्या तोंडावर छापलेले ‘५० वॅट’ कोठून येतात, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. १४.४ चा वर्ग भागिले ४ केल्यास ५१.८ येतात. म्हणजे लहरीचे माथे पूर्ण छाटून ती चौकोनी केली, तर मिळणारी ही शक्ती. तेव्हा ऐकू येणाऱ्या गोष्टीला गाणे म्हणणे कठीण!)

या रचनेला ब्रिज म्हणतात, आणि बारावीला आपण शिकवतो त्या व्हीटस्टन ब्रिजचाच हा सख्खा भाऊ आहे. स्पीकर गॅल्व्हॅनोमीटरच्या जागी बसला आहे. स्वस्थ असताना त्याची दोन्ही टोके सुमारे ७ व्होल्टवर असतात. दोहोंतील फरक शून्य, म्हणून आवाज नाही. त्यांतले एक टोक बॉडीला टेकवले की दुसऱ्या टोकाचे ७.२ व्होल्ट स्पीकरवर सलग पडतात. १.८ अँपिअर एकदिश धारा, १३ वॅट उष्णता, तीही एकही सूर न निघता. स्पीकरचा पडदा एका बाजूला ताणलेला राहतो. आणि बॉडीला टेकलेल्या बाजूचा ॲम्प्लिफायर तर थेट शॉर्ट झालेला असतो. चांगल्या चिपमध्ये संरक्षण असते, ती स्वतःला बंद करते. नसेल तर धूर.

हे वर्गात दाखवता येते, गाडीला हात न लावता. दीड व्होल्टचे चार घट एकसर जोडा. एक किलोओहमचे दोन चलरोधक, म्हणजे रेडिओच्या आवाजाची बटणे, या ६ व्होल्टांवर समांतर जोडा. त्यांच्या सरकत्या टोकांच्या मध्ये मल्टिमीटर लावा. दोन्ही बटणे मध्यावर असताना वाचन शून्य. मग मल्टिमीटरची एक पीन बॅटरीच्या ऋण टोकाला लावून प्रत्येक सरकते टोक वेगळे मोजा: तीन आणि तीन व्होल्ट. ‘शून्य’ आणि ‘काहीच नाही’ यांतला फरक विद्यार्थ्याला पाहता येतो. एक बटण वर, दुसरे खाली फिरवले की वाचन धन, उलट फिरवले की ऋण. शेवटी बटणे पुन्हा मध्यावर आणून एक सरकते टोक वायरने ऋण टोकाला जोडा. मीटरवर तीन व्होल्ट येऊन बसतात. मोटारीत जळलेल्या स्पीकरची हकीकत हीच. धारा अवघी काही मिलिअँपिअर असल्याने येथे काहीच जळत नाही.

चारपैकी एकाही पत्रकात ‘स्पीकरची कोणतीही वायर बॉडीला लावू नये’ याचे कारण दिलेले नाही. दोहोंत ते वाक्य आहे, पण बारीक टाइपात, शेवटच्या पानावर. आमचा आक्षेप टाइपाला कमी आणि रंगांना जास्त आहे. बॉडीच्या वायरीला काळा रंग द्यायचा आणि स्पीकरच्या एका टोकालाही काळी रेघ द्यायची, हा संकेत ज्याला आधीच सगळे समजते त्याच्यासाठीच बनवलेला दिसतो. रेघेचा हेतू इतकाच, की सर्व स्पीकरांचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलावेत. तिला ‘ऋण’ म्हणणेच चूक आहे.

दुसरी तक्रार येते ती सूंऽऽ अशा आवाजाची. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. डिकीतला ॲम्प्लिफायर तिथल्याच एका बोल्टला अर्थ केलेला असतो, संच डॅशबोर्डमागच्या दुसऱ्या बोल्टला. ॲम्प्लिफायरची २० अँपिअर धारा पत्र्यातून परत जाते. बोल्टखाली रंग किंवा गंज असून तेथे ५ मिलिओहम रोध असला, तरी दोन अर्थांमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडतो. बारीक वायरीतला आवाजाचा संकेत असतो एखाद्या व्होल्टचा, म्हणजे दहा टक्के गोंगाट. तो सुरात का येतो? सहा ध्रुवजोड्यांचा, त्रिकलीय अल्टर्नेटर इंजिनाच्या अडीचपट वेगाने फिरतो असे धरा. इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे असताना त्याच्या एकदिश केलेल्या धारेत सेकंदाला २२५० तरंग उठतात. कानाला हा सूर फार टोचतो.

उपाय दोन. बोल्टखालचा रंग खरवडून स्वच्छ धातूवर जोडणी करावी; किंवा दोन यंत्रांच्या मध्ये एकास एक फेऱ्यांचा लहान ट्रान्सफॉर्मर घालावा. आवाज पलीकडे जातो, अर्थ मात्र एकमेकांपासून सुटे राहतात. स्पीकरची काळ्या रेघेची अडचणही यानेच सुटते. आपण ट्रान्सफॉर्मर शिकवतो तो विभवांतर वाढवणारे किंवा कमी करणारे यंत्र म्हणून. फेरे समान असतील तर उपयोग काय, असे विद्यार्थ्याने विचारले तर बहुतेक वर्गांत उत्तर मिळत नाही. दोन परिपथांमध्ये धातूचा दुवा न ठेवता संकेत पोचवणे, हा त्याचा गुण सोडवायच्या गणितांखाली दबून गेला आहे.

वायरी सुधारल्या तरी पलीकडचा माणूस म्हणतो, ‘माझाच आवाज मला परत येतोय.’ स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, त्याची ही खोड. अंतर मीटरभर, म्हणजे प्रवासाला फक्त ३ मिलिसेकंद. पण मोबाइलच्या जाळ्यातून परतीचा फेरा बराच लांबतो, म्हणून पलीकडे तो वेगळा प्रतिध्वनी वाटतो. हा प्रतिध्वनी पुसण्याची युक्ती १९६० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निघाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले मनमोहन सोंधी यांचा त्यावरील १९६७ चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. यंत्र ऐकत राहते, स्पीकरपासून माइकपर्यंतचा मार्ग आवाजाला कसा बदलतो ते शिकते, आणि तेवढाच अंदाजित प्रतिध्वनी वजा करते. पण ही वजाबाकी मार्ग स्थिर आणि रेषीय असेल तरच जमते. संचाच्या पुढे मोठा ॲम्प्लिफायर जोडला, त्याचे बटण पुढे-मागे केले, लहरीचे माथे छाटले जाऊ लागले, की शिकलेले गणित चुकते. म्हणजे हौशी यंत्रणेचा जो गुण मानला जातो, तो दांडगा आवाज, तोच येथे आड येतो. या प्रकरणी आमचे मत असे, की फोनच्या आवाजाला गाडीचे भारी स्पीकर देऊच नयेत. डॅशबोर्डखाली एक स्वतंत्र लहान स्पीकर, दोन वायरी थेट संचाला, बॉडीशी संबंध नाही. खर्च कमी आणि वरच्या तिन्ही भानगडींपैकी एकही नाही. चारपैकी एकच पत्रक हा पर्याय सांगते, तोही ‘गाडीत स्टिरिओ नसल्यास’ या मथळ्याखाली.

आता पत्रकांच्या पहिल्या पानावरच्या दाव्याविषयी. हात मोकळे, म्हणून प्रवास सुरक्षित, असे चारही पत्रके वेगवेगळ्या शब्दांत म्हणतात. हे विधान तपासले गेलेले आहे. रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी टोरांटो येथे मोबाइल बाळगणाऱ्या आणि अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या दूरध्वनी-नोंदी पाहिल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोन चालू असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनांचा काही फायदा दिसला नाही. गुंतलेले असते ते लक्ष. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायच्या संपर्क-साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो. कायदा हाताबद्दल बोलतो, कारण पोलिसाला बाहेरून हातच दिसतो. त्यावरून पत्रकाने लक्षाबद्दलही निर्वाळा द्यावा, हे मात्र अजब आहे.

याचीही वर्गात परीक्षा घेता येईल. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून अचानक सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर ०.२० सेकंद, ३० सेंटिमीटर घसरली तर ०.२५ सेकंद. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीसाठी हा ०.०५ सेकंदांचा फरक म्हणजे सत्तर सेंटिमीटर रस्ता. प्रत्येक विद्यार्थ्याकडून वीस वेळा पट्टी पकडवून घ्यावी: दहा वेळा शांतपणे, दहा वेळा तो फोनवर कोणाशी तरी खरेच काही ठरवत असताना. नुसते हो-हो म्हणत असताना नव्हे. आणि नोंदवहीत आणखी एक रकाना आखावा: बोलताना फोन दुसऱ्या हातात होता की टेबलावर ठेवलेला होता.