टार्लटनचा उजवा हात

लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या या पूर्णाकृती तैलचित्रात ब्रिटिश कर्नल बॅनस्टर टार्लटन ताठ उभा नाही, तो वाकलेला आहे. एक पाय तोफेवर रोवून कमरेची तलवार सावरतोय. अंगात हिरवं आखूड जाकीट, पांढरी तंग विजार, डोक्यावर केसाळ तुऱ्याचं काळं शिरस्त्राण. मागं धूर, फडफडती निशाणं, बिथरलेले घोडे. वाकल्यामुळं सारा देह ताणलेल्या धनुष्यासारखा झालाय. आता सरळ झाला की तो खोगिरावर असणार.

चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्सनं हे वाकणं घेतलं ते पायातला चप्पलबंद बांधणाऱ्या एका प्राचीन पुतळ्यावरून. त्या काळी तो नांगर सोडून रणात धावलेल्या रोमन सिनसिनाटसचा मानला जाई. रॉयल अकॅडमीचा हा अध्यक्ष तरुण चित्रकारांना प्राचीनांकडून शिका असं सांगे. इथं त्यानं स्वतः ते करून दाखवलं. बंद बांधणारे हात तलवारीकडे वळले एवढंच.

या वाकण्याचा खरा लाभ मात्र मला वेगळाच वाटतो. त्यामुळं दोन्ही हात चित्राच्या ऐन मध्यावर, पांढऱ्या विजारीच्या उजेडात येतात आणि उजव्या हाताची दोन बोटं नसल्याचं दिसतं. मार्च १७८१ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या गिलफर्ड कोर्टहाउसच्या लढाईत ती गेली. हातमोजा घालून किंवा सावलीत ढकलून हे सहज झाकता आलं असतं. रेनॉल्ड्सनं झाकलं नाही. टार्लटन स्वतः त्या हाताकडं बघतही नाही. चेहरा कोवळा, नितळ, धुराचा डागही नसलेला, नजर चौकटीबाहेर.

चित्र १७८२ चं. म्हणजे यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसनं ऑक्टोबर १७८१ मध्ये शस्त्रं ठेवली त्यानंतरचं. त्या शरणागतीत टार्लटनही होता. त्याआधी काउपेन्सला त्याचा सपशेल पराभव झाला होता, आणि वॅक्सहॉजला शरण येणाऱ्यांची त्याच्या स्वारांनी कत्तल केल्याचा अमेरिकनांचा आरोप होता. यातलं काहीच कॅनव्हासवर नाही. धुरामागची लढाई कुठली, तेही रेनॉल्ड्स सांगत नाही. हरलेल्या मोहिमेतला सत्तावीस वर्षांचा अधिकारी तो विजयाच्या उंबरठ्यावर उभा करतो. पुढं १७९० मध्ये लिव्हरपूलचा खासदार होऊन टार्लटननं गुलामांच्या व्यापाराची बाजू लढवली. हे ठाऊक असताना त्या देखण्या चेहऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. हातावर बसतो.