आधुनिक डॅनिश साहित्येतिहासाचे अध्यापन : 'आधुनिक प्रवर्तन' या संकल्पनेचा पुनर्विचार

प्रस्तावना :
साहित्येतिहासाचे कालखंड आपोआप पडत नाहीत. ते कोणीतरी पाडलेले असतात. आधुनिक डॅनिश साहित्याच्या विद्यापीठीय अभ्यासात याचा विशेष प्रत्यय येतो. ३ नोव्हेंबर १८७१ रोजी गेऑर्ग ब्रांडेस यांनी कोपनहेगन विद्यापीठात एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्यप्रवाहांवरील व्याख्यानमालेस आरंभ केला. डॅनिश साहित्यातील आधुनिकता बहुधा याच घटनेपासून मोजली जाते. या आरंभबिंदूची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
स्वप्नाळू रोमँटिक वृत्तीमुळे डॅनिश साहित्य युरोपच्या मागे पडले असून साहित्याने समाजातील प्रश्न चर्चेस आणले पाहिजेत, ही ब्रांडेस यांची भूमिका होती. त्यांच्या मूलगामी विचारांमुळे सौंदर्यशास्त्राचे अध्यासन त्यांना नाकारण्यात आले. १८७७ ते १८८३ या काळात ते बर्लिनमध्ये राहिले. प्राध्यापक ही पदवी त्यांना १९०२ मध्ये लाभली. विद्यापीठाने ज्याला दूर ठेवले, त्याचीच कालविभागणी पुढे अभ्यासक्रमात रूढ झाली.

या विभागणीची पहिली मर्यादा वाङ्मयीन आहे. येन्स पेटर याकोबसेन हे डार्विनचे अनुवादक. त्यांच्या 'नील्स ल्युने' (१८८०) या कादंबरीचा नायक निरीश्वरवादी आहे. त्यामुळे ती विचारप्रधान कादंबरी म्हणून सहज शिकविता येते. तथापि तिचे सामर्थ्य मनोवस्थांच्या तरल चित्रणात आहे आणि वादाच्या चौकटीत नेमके तेच निसटते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ब्रांडेस यांनी १८६९ मध्ये मिल यांच्या स्त्रीदास्यविषयक ग्रंथाचा डॅनिश अनुवाद केला होता. मात्र १८८३ मध्ये त्यांनी या चळवळीचे चित्र रेखाटले, ते 'आधुनिक प्रवर्तनाचे पुरुष' या शीर्षकाखाली. त्यात इब्सेन व ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकांना स्थान मिळाले, परंतु एकाही डॅनिश लेखिकेला नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, पिल डालेरुप यांनी 'आधुनिक प्रवर्तनाच्या स्त्रिया' हा ग्रंथ लिहून त्याच काळातील लेखिकांचे कार्य पुढे आणले. तरीही २००४ साली डेन्मार्कमध्ये शालेय अध्यापनासाठी ठरविलेल्या अनिवार्य लेखकांच्या सामायिक यादीत कारेन ब्लिक्सेन ही एकमेव लेखिका होती. संशोधनाने इतिहास दुरुस्त केला, तरी अध्यापनाची चौकट तितक्याच सहजतेने बदलत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
१८७१ हे वर्ष अभ्यासक्रमातून वगळण्याचे कारण नाही. ते निर्विवाद सत्य म्हणून नव्हे, तर एका समीक्षकाने पक्ष घेऊन केलेली मांडणी म्हणून शिकविले जावे. १८८३ व १९८३ मधील उपरोक्त दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचल्यास विद्यार्थ्याला केवळ नावांची यादी मिळत नाही. ती यादी कोणी व कोणत्या निकषांवर केली, हे विचारण्याची दृष्टी मिळते. साहित्येतिहासाच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन तेच आहे.