अविश्वासाची मर्यादा

१९७१ साली सुरू झालेल्या ‘कोलंबो’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेत खुनी कोण, हे प्रेक्षकाला बहुधा आरंभीच ठाऊक असते. तो धनाढ्य, चतुर खुनी वकिलाला दूर ठेवून गबाळ्या लेफ्टनंटशी पुनःपुन्हा बोलत बसतो. व्यवहाराला सोडून असलेले हे वर्तन त्याच्या अहंकाराला धरून असल्याने प्रेक्षक ते निमूटपणे मान्य करतो. (शेवटचा पुरावा न्यायालयात कितपत टिकेल, हेही कोणी विचारीत नाही!) मात्र एखादा दुवा ओढूनताणून जुळविला, की रसभंग झालाच. कोलरिजने १८१७ मध्ये सांगितलेल्या अविश्वासाच्या स्वेच्छास्थगनाने या जागरूकतेचा उलगडा होत नाही. न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ येथे अधिक उपयोगी पडते : प्रेक्षक खुन्याच्या भीतीशी समरस होतो आणि त्याच वेळी, स्वतःचे भान राखून, त्याच्या चुकीची वाटही पाहतो.