कूल एडिटचं ऑडिशन

मामाचा स्टुडिओ म्हणजे इचलकरंजीतल्या घराचा माळा. भिंतींना अंड्यांचे ट्रे, एक माइक आणि एक्सपीवर चालणारा कॉम्प्युटर. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, भजनी मंडळांच्या सीड्या, सगळं तिथेच व्हायचं. स्क्रीनवर नाव दिसायचं ‘अ‍ॅडोबी ऑडिशन’, पण मामा म्हणायचा, “थांब, कूल एडिटला लावतो.” ही दोन वेगळी सॉफ्टवेअर्स आहेत असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

नव्हती. कूल एडिट हे अ‍ॅरिझोनातल्या सिंट्रिलियम या छोट्या कंपनीचं. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या रॉबर्ट एलिसन आणि डेव्हिड जॉन्स्टन यांनी ती काढली. कूल एडिट ९६ पैसे न भरता वापरलं, तर दर वेळी उघडताना फंक्शन्सचे फक्त दोन गट निवडता यायचे. आज हे घ्या, उद्या ते. दुकानदाराने चव बघायला हातावर ठेवावं तसं. मे २००३मध्ये अ‍ॅडोबीने १ कोटी ६५ लाख डॉलर्स देऊन ते विकत घेतलं आणि ऑगस्टमध्ये कूल एडिट प्रो २.१ जवळजवळ जसंच्या तसं, नव्या नावाने बाजारात आलं.

आता नावांकडे बघा. ‘कूल एडिट’ हे नाव पोरकटच होतं, पण त्यात काम काय करायचं ते होतं. ‘अ‍ॅडोबी ऑडिशन’मध्ये आधी मालक येतो, मग एक देखणा शब्द, जो ऐकून आपल्याकडे मालिकेच्या निवडीसाठी लागलेली रांग आठवते. पहिलं नाव वापरणाऱ्याशी बोलतं. दुसरं कपाटातल्या फोटोशॉपशेजारी शोभून दिसतं.

असं नाव बदललं की जुने ग्राहक कुरकुरतात आणि आम्ही इंजिनियर हसतो. हे मी स्वतः केलंय. आमची छोटी कंपनी एका मोठीने घेतली, तेव्हा लोगो, रंग आणि मेन्यूमधलं नाव बदलायचं काम माझ्याकडे होतं. आत कोडमध्ये जुनं नाव ठिकठिकाणी तसंच ठेवलं, कारण ते काढलं असतं तर निम्मं सॉफ्टवेअर कोसळलं असतं. एका ग्राहकाने मेल केला, “जुन्या फाइल्स उघडतील ना?” मी ठरलेलं उत्तर चिकटवलं: ‘फक्त नाव बदललंय, बाकी काहीही नाही.’ त्या दिवशी ते शंभर टक्के खरं होतं.

ऑडिशन १.० बद्दलही ते जवळजवळ खरंच होतं. उलट पुढच्या काही वर्षांत अ‍ॅडोबीने त्यात चांगली भर घातली, हे मान्य करायला हवं. पण २०११मध्ये सीएस ५.५ आलं. मॅकवरही चालावं म्हणून सगळं नव्याने लिहिलेलं. मिडी गेलं. आणि कूल एडिटपासून चालत आलेल्या .ses सेशन फाइल्स थेट उघडेनात, .sesx हा नवा प्रकार आला. २०१३पासून पुढच्या आवृत्त्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर. म्हणजे २००३मध्ये ज्यांना नाव खटकलं, त्यांची तक्रार लोगोवर होती, पण भीती याची होती. ती आठ वर्षं आधीच वाटली, एवढाच काय तो तिचा दोष. सॉफ्टवेअरच्या आत काय शिजतंय हे ग्राहकाला दिसत नाही. त्याला पाटी दिसते, म्हणून तो पाटीवर भांडतो.

मामाने कुणाशी भांडण केलं नाही. त्याच्याकडची कॉपी कुठून आली होती हे विचारू नका, भांडायचा त्याला हक्कच नव्हता. नवा कॉम्प्युटर घेतल्यावर त्याने नवं ऑडिशन टाकलं आणि माझ्या आजीच्या भजनी मंडळाचं सेशन उघडायला गेला. आवाजाच्या फाइल्स होत्या, सगळ्या सुट्या. टाळ एकीकडे, पेटी एकीकडे, आजी तिसरीकडे. कोणी कुठे सुरू व्हायचं ते ज्या फाइलमध्ये होतं, तीच उघडत नव्हती.

आमच्या रीब्रँडिंगनंतर दीड वर्षाने मी जुन्या फाइल्स वाचणारा कोड काढून टाकला. वरून तसं सांगितलं होतं. त्या ग्राहकाचा मेल शोधला, सापडला, उत्तर मात्र लिहिलं नाही.

मामाचा एक्सपीवाला कॉम्प्युटर अजून माळ्यावर आहे. नेटला जोडलेला नाही. दिवाळीत गेलो की तो सुरू करतो, पंखा दोन मिनिटं घरघरतो, आणि मग आजी बरोबर टाळांनंतर सुरू होते.